घाट उतरल्यानंतरचे रक्त

(पहाट. यवतेश्वरचा घाट, ओला रस्ता, धावणाऱ्यांची लांबच लांब रांग.)

साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये साधारण साडेदहा किलोमीटर घाट चढून कासच्या दिशेने जावे लागते आणि तेवढेच अंतर उतरून परत यावे लागते. दम लागतो तो चढावर, त्यामुळे नवख्या धावपटूला धास्ती असते ती चढाचीच. पण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना ज्या मांड्या भरून आलेल्या असतात, त्यांची झीज मुख्यतः उतारावर झालेली असते.

चढताना मांडीचा स्नायू आखडत जोर लावतो. उतरताना मात्र प्रत्येक पावलाला शरीराचा भार पेलून धरायचा असतो, म्हणून तो जोर लावत असतानाच ताणला जातो. तालमीत बैठक मारताना आपण खाली बसतो, तेव्हाही हेच घडते. अशा ताणात तुलनेने थोड्या तंतूंवर मोठा भार येतो, त्यांची आतली रचना जागोजागी विस्कटते आणि तंतूभोवतीच्या पातळ पटलातून आतले पदार्थ बाहेर झिरपू लागतात. दोन दिवस टिकणाऱ्या या दुखण्याचा दोष अनेक जण आजही लॅक्टिक आम्लाला देतात. परंतु ते तर व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरातच रक्तातून ओसरलेले असते.

(प्रयोगशाळा. रक्ताच्या नळ्या.)

झिरपणाऱ्या पदार्थांपैकी सर्वांत जास्त मोजले जाते ते क्रिएटिन कायनेज, ज्याला आपल्याकडच्या अहवालांत बहुधा ‘सीपीके’ म्हणतात. स्नायूला क्षणार्धात ऊर्जा पुरवण्याच्या कामात मदत करणारे हे विकर (एन्झाइम) आहे. त्याची जागा पेशीच्या आत असते, रक्तात नव्हे. त्याचा रेणू मोठा असल्यामुळे तो बराचसा लसिकावाहिन्यांच्या वळणाच्या वाटेने रक्तात पोहोचतो, आणि म्हणून शर्यत संपताच घेतलेल्या नमुन्यात त्याची खरी पातळी दिसतच नाही. उतारावर धावल्यानंतर ती साधारण दुसऱ्या दिवशी शिखर गाठते. दंडाच्या स्नायूंना सवय नसताना असा ताण दिला, तर शिखर यायला चार दिवसही लागतात.

प्रयोगशाळा ज्या मर्यादेला सामान्य म्हणतात, ती प्रौढांमध्ये लिटरमागे सुमारे २०० युनिटच्या आसपास असते. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २०३ जणांकडून दंडाच्या स्नायूंचा असा ५० आवर्तनांचा व्यायाम करून घेतला, तेव्हा चौथ्या दिवशी १११ जणांची पातळी २,००० च्या वर आणि ५१ जणांची १०,००० च्या वर गेलेली आढळली. यांपैकी एकाच्याही मूत्रपिंडाच्या कार्यात बिघाड झाला नाही. व्यायाम सर्वांनी सारखाच केला होता, तरी आकड्यांत एवढी तफावत होती. आणि ज्याचा आकडा मोठा, त्याचेच दुखणे मोठे, असेही नसते.

आमच्या मते खरी काळजी घ्यायला हवी ती अहवाल वाचताना. एसजीओटी आणि एसजीपीटी ही नावे ऐकली, की आपल्याला यकृत आठवते. पण ही दोन्ही विकरे स्नायूतही असतात. सवय नसलेल्या निरोगी माणसाने जोरदार वजने उचलली, तर ती आठवडाभरही वाढलेली राहू शकतात, आणि त्याच वेळी जीजीटी व बिलिरुबिन हे यकृताच्या तपासणीतले इतर आकडे मात्र जागच्या जागी असतात. रविवारी घाट धावून मंगळवारी आरोग्यतपासणीला गेलेल्या माणसाने हे डॉक्टरांना सांगितले नाही, तर विनाकारण यकृताच्या चाचण्यांची रांग लागू शकते. नमुना घेतल्याची वेळ अहवालावर छापलेली असते. शेवटचा कठोर व्यायाम कधी केला, हे लिहायलाही तेथे जागा असायला हवी.

(धूसर छायाचित्रे: बॉम्बहल्ल्यानंतरचे लंडन.)

स्नायूतून बाहेर पडणारे मायोग्लोबिन, म्हणजे स्नायूत प्राणवायू धरून ठेवणारे प्रथिन, मात्र वेगळ्या गांभीर्याने पाहावे लागते. १९४१ साली बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी लंडनमधील बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली हातपाय चिरडलेल्या रुग्णांची नोंद केली; ढिगाऱ्यातून जिवंत बाहेर काढलेली ही माणसे पुढे मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली होती. मायोग्लोबिनचा रेणू लहान असल्याने ते काही तासांतच रक्तात चढते आणि मूत्रपिंडांतून गाळले जाते. प्रमाण फार वाढले, तर मूत्रपिंडांना इजा होऊ शकते आणि लघवी कोऱ्या चहासारखी होते. लघवीत पट्टी बुडवून केलेल्या चाचणीत रक्त असल्याचे दिसते, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी सापडत नाहीत. कडक ऊन, शरीरातील पाण्याची कमतरता आणि शर्यतीआधी घेतलेल्या काही वेदनाशामक गोळ्या हा धोका वाढवतात. अशा रंगाची लघवी, स्नायूंना सूज आणि असह्य वेदना दिसल्या, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

(तालीम. तांबडी माती, बैठका मारणारी मुले.)

नव्या पोराला वस्ताद पहिल्याच दिवशी शेकड्यांनी बैठका मारायला लावत नाही. या रिवाजामागचा अनुभव आता रक्तातही मोजता येतो. एकदा असा ताण सोसून सावरलेला स्नायू पुढचे कित्येक आठवडे, काही वेळा महिनोन्‌महिने, तोच ताण पुष्कळ कमी झीज होऊ देऊन पेलतो. तोच धावपटू तीन आठवड्यांनी तोच उतार त्याच वेगाने धावतो, तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या नमुन्यातला सीपीकेचा आकडा पहिल्या वेळेपेक्षा बराच खाली असतो, आणि जिना उतरताना त्याला कठड्याचा आधार घ्यावा लागत नाही.