नागीण: फोड वाळल्यानंतरचं दुखणं

(ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, नागिणीचा रुग्ण समोर बसला की औषधाचं नंतर विचारतो. आधी विचारतो, "डॉक्टर, विळखा पूर्ण होणार नाही ना?" तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, हे त्याने लहानपणापासून ऐकलेलं असतं. म्हणून आधी ही भीती काढून टाकू. पाठीच्या कण्यातून मज्जातंतू जोडीने निघतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. डाव्या तंतूची हद्द छातीच्या मध्यरेषेपाशी संपते. नागीण बहुधा अशा एकाच तंतूच्या वाटेने येते. म्हणून पुरळ पाठीवरून काखेखालून पुढे येतं आणि मधोमध, रेघ आखल्यासारखं थांबतं. प्रतिकारशक्ती फारच खालावलेली असेल तर क्वचित ते दोन्हीकडे पसरतं. तो आजार गंभीर खरा, पण तोंड-शेपूट जुळण्याशी त्याचा काही संबंध नाही.

आणि हा विषाणू त्या आठवड्यात कुठून लागलेला नसतो. लहानपणी कांजिण्या आल्या, बऱ्या झाल्या. विषाणू मात्र मज्जातंतूंच्या मुळाशी असलेल्या गाठींमध्ये झोपून राहिला. हे कोडं सोडवण्यात एडगर होप-सिम्पसन या इंग्लंडमधल्या फॅमिली डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. सायरेन्सेस्टर गावातल्या आपल्या रुग्णांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी तपासून त्यांनी १९६५ साली मांडलं की तोच जुना विषाणू वय वाढून प्रतिकारशक्ती उतरली की पुन्हा जागा होतो. दवाखाना सांभाळत केलेलं हे काम आहे. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

आता वेळेचं बोलतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. असायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर ही औषधं पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली तर सर्वांत चांगली लागू पडतात. हे तीन दिवस आपल्याकडे लेप लावण्यात जातात. एक आजी आल्या होत्या, पाठीवर गेरूचा जाड थर, वाळून भेगा पडलेला. सलाईनमध्ये गॉज भिजवून तो थर सोडवायला बराच वेळ लागला. गेरूचा एकेक पापुद्रा निघताना खालचे फोड फुटत होते आणि आजी मुलाचा हात घट्ट धरून बसल्या होत्या. त्या मुलाने हयगय केली नव्हती. घरातल्या मोठ्यांनी सांगितलं ते केलं. पण औषधाचे पहिले दिवस हातचे गेले. उशीर झाला असला तरी या, नवे फोड येत असतील तर आम्ही औषध देतोच. आणि कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड दिसले तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठा. नजर जाऊ शकते.

फोडांवर साधारण आठ-दहा दिवसांत खपल्या धरतात. तोवर ते कपड्याने झाकून ठेवा. त्यातल्या पाण्यातून ज्याला कांजिण्या आलेल्या नाहीत त्याला कांजिण्या होऊ शकतात. घरात गरोदर सून किंवा तान्हं बाळ असेल तर विशेष जपा.

खपल्या पडल्या की घरचे म्हणतात, "झालं ना आता बरं?" आणि इथूनच काहींचा खरा त्रास सुरू होतो. कातडी भरून आली, तरी आतला तंतू पोळलेला असतो. पंख्याचा वारा लागला तरी आग होते. ब्लाउजची कड टोचते, म्हणून बायका घरात सैल गाऊनवर राहतात आणि लोकांत जाणं टाळतात. हे दुखणं तीन महिन्यांच्या पुढे टिकलं तर तो वेगळा आजार धरून त्यावर उपचार करावे लागतात. ते मनाचे खेळ नाहीत. घरच्यांनी एवढा विश्वास ठेवला तरी रुग्णाला धीर येतो.

यावर पॅरासिटामॉल सहसा पुरं पडत नाही. गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन अशी तंतूंच्या दुखण्याची औषधं थोड्या मात्रेपासून हळूहळू वाढवतात. त्यांनी गुंगी येते, तोल जातो. तेव्हा रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवा, उठताना दोन मिनिटं पलंगावर बसा, आणि बरं वाटलं म्हणून गोळी एकदम सोडू नका.

लशीबद्दल चिठ्ठ्या आल्या आहेत. पन्नाशीनंतर घ्यायची लस २०२३ पासून भारतात मिळते, दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. महाग आहे, हे मला ठाऊक आहे. तरी मधुमेह असेल, स्टिरॉइड चालू असतील, तर आपल्या डॉक्टरांशी जरूर बोला. नागीण एकदा होऊन गेली असली तरी पुन्हा होऊ शकते, त्यामुळे ज्यांना ती होऊन गेली त्यांनाही पूर्ण बरं झाल्यावर लस घेता येते.