लोअर आर्मचे बोल्ट आवळताना चाकं कुठं होती?

आत्ता पाम बीचवरून वाशीला येताना पुढे एक पोलो जीटी होती, मस्त खाली केलेली, टायर आणि फेंडरमध्ये दोन बोटं जाणार नाहीत अशी, आणि स्पीडब्रेकर आला की बिचारा गाडी तिरकी करून चढवत होता. ती इथल्या कोणाची असेल तर हात वर करू नका, मला एवढंच विचारायचंय की लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे, बोल्ट आवळले तेव्हा चाकं हवेत लटकत होती की गाडीच्या वजनावर?

हे मी स्वतः खाल्लेलं आहे. घणसोलीला बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर), दोन मित्र, वडापावची पिशवी, नवे स्प्रिंग, नवे शॉकअप, आर्मच्या सांध्यातले रबरी बुशपण नवेच घातले, सगळं टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरानेच आवळता येतं तो) आणि मॅन्युअलच्या आकड्याने, आणि पहिला पावसाळा संपायच्या आत पुढून कट-कट सुरू. उघडलं तर बुशचं रबर फाटलेलं. बुश विकणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घालून झाल्या, मग कळलं गाढव मीच.

रबरी बुश बेअरिंगसारखा फिरत नाही हो. आतली स्लीव्ह (नळी) बोल्टने सबफ्रेमला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला आवळलेली, बाहेरची आर्ममध्ये दाबून बसवलेली, आणि मधलं रबर दोघींना चिकटलेलं, त्यामुळे आर्म वर-खाली झाला की रबर पिळलं जातं. म्हणजे ज्या कोनात तुम्ही बोल्ट आवळता तीच त्याची आरामाची जागा. आता आर्म 35 सेंमीचा धरा आणि चाक नेहमीपेक्षा 10 सेंमी खाली लटकतंय, झाला 16-17 अंशांचा फरक. तसंच आवळून गाडी उतरवली की रबर तेवढं कायम पिळलेलं, रात्री पार्किंगमध्ये उभी असतानासुद्धा, आणि वर सकाळी घोडबंदर रोड. शिवाय पिळलेलं रबर थोडं स्प्रिंगचं काम करतं, गाडी पाहिजे तेवढी बसत नाही, आणि मग नावं स्प्रिंगला.

मग करायचं काय, तर सुरू करायच्या आधी चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत टेपने मोजा आणि लिहून ठेवा. सगळं जोडून बुशचे बोल्ट हलकेच लावा, मग आर्मच्या चाकाकडच्या टोकाला, बॉल जॉइंटच्या खाली जॅक लावून, आर्म आणि जॅकच्या मध्ये लाकडाचा तुकडा टाकून, चाक वर घ्या, स्प्रिंग 30 मिमी खाली करणारे असतील तर जुन्या मापातून 30 वजा, आणि तिथे फायनल टॉर्क. बऱ्याच जर्मन गाड्यांत आधी टॉर्क आणि मग वर आणखी 90 अंश फिरवणं असतं, ते बोल्ट ताणले जातात, म्हणून नवेच घ्यायचे, इथे कंजुषी नको. पॉलीयुरेथेनचे बुश बहुतेक स्लीव्हवर फिरतात, त्यांना हा त्रास नाही, पण ग्रीस कमी पडलं की जुन्या दरवाजासारखे करकरतात.

स्प्रिंग दाबून धरणाऱ्या स्प्रिंग कॉम्प्रेसरबद्दल एकच, भाड्याचा गंजलेला आणू नका, ती स्प्रिंग सुटली तर दात जातील, जबडा जाईल, चेष्टा नाही. शॉकअपच्या वरच्या नटला इम्पॅक्ट गनपण नको, रॉड आत गरागरा फिरतो आणि सील जातं, ॲलन कीने रॉड धरा आणि हाताने आवळा.

आणि हो, दोन खांबी लिफ्टवर चाकं लटकलेलीच असतात. गॅरेजवाल्याने तिथेच सगळं आवळून दिलं असेल तर घरी जाऊन ते बोल्ट सैल करा (ताणले जाणारे असतील तर नवे घाला), गाडी वजनावर घ्या, परत आवळा, आणि मगच अलाइनमेंटला न्या.