पर्स काढल्यावर वाजलेले दोन खटके

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्यात भाचीला घेऊन एका पार्कात गेलो होतो. रोलरकोस्टरच्या डब्यात बसताना तिने गळ्यातली पर्स मांडीवर घेतली आणि वरून लॅप बार, म्हणजे मांडीवर येणारा आडवा दांडा, ओढला. खट्, खट्, खट्. बार बसला. तिथे काम करणारी एक मुलगी प्रत्येक बार हाताने वर ओढून बघत येत होती. भाचीचा बारही तिने ओढून बघितला. हलला नाही. तरी म्हणाली, "ताई, पर्स माझ्याकडे द्या." पर्स निघाली, तिने बार पुन्हा दाबला आणि आणखी दोन खटके वाजले.

त्या दोन खटक्यांबद्दल मला आज बोलायचंय.

रोलरकोस्टरमध्ये भीती उताराची, असं आपण धरून चालतो. खरा प्रकार घडतो तो चढाच्या माथ्यावर. गाडी वर निघालेली असते, तुमचं अंगही त्याच वेगाने वर निघालेलं असतं. तेवढ्यात रूळ खाली वळतो. गाडीला वळावंच लागतं, कारण तिची चाकं रुळाला तीन बाजूंनी धरून असतात. एक वरून, एक कडेने आणि एक रुळाच्या खालून. हे खालचं चाक अमेरिकेतल्या जॉन मिलर यांनी आणलं, त्यांचं पेटंट १९१९ सालचं. तुमच्या अंगाला मात्र तसं चाक नाही. ते आपलं वरच जाऊ बघतं. पोटात गोळा येतो तो नेमका इथे. आणि इथे तुम्हाला गाडीबरोबर खाली ओढून नेणारी वस्तू एकच, मांडीवरचा बार.

म्हणजे बार तुम्हाला नुसता अडवत नाही, ओढतो. आणि ओढायचं तर त्याला काहीतरी पक्कं धरायला हवं. तो धरतो मांड्या आणि कंबरेचं हाड. पोट नाही. पोट दबतं, सरकतं. उंचीची पट्टी दाराशी लावलेली असते ती याचसाठी. उंची हा अंदाज असतो, मुलाच्या मांड्या आणि कंबर बारमध्ये नीट बसतील का याचा.

बारचं कुलूप दोन प्रकारचं. जुनं म्हणजे दातेरी पट्टी आणि खटका, सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतो तसा. एका दिशेने सरकतो, उलट नाही. नव्या गाड्यांत बऱ्याचदा तेलाचे दोन सिलिंडर असतात. बार खाली येताना तेल झडपेतून पुढे जातं, परत येऊ शकत नाही. आवाज नाही, आणि बार हवा तिथे थांबतो. दोन सिलिंडर अशासाठी की एक गळाला तरी दुसरा धरून ठेवेल. "मध्येच लाइट गेली तर?" असं घाबरून विचारणारे खूप भेटतात. चांगल्या रचनेत बंद राहायला वीज लागत नाही, उघडायला लागते. लाइट गेली तर फार तर वर लटकून राहाल, चहा चुकेल.

नव्या गाड्यांत बार ठरलेल्या रेषेच्या खाली आला की सेन्सर ऑपरेटरच्या पॅनेलवर दिवा लावतो. सगळ्या सीटचे दिवे लागल्याशिवाय गाडी सुटत नाही. छान व्यवस्था आहे. पण दिव्याला कळतं ते बार कुठे आहे एवढंच. बारखाली मांडी आहे, पर्स आहे की श्वास ओढून फुगवलेलं पोट आहे, हे त्याला दिसत नाही.

२४ मार्च २०२२ ची रात्र. अमेरिकेत फ्लोरिडातल्या ऑर्लँडो शहरात ४३० फूट उंचीचा फ्रीफॉल टॉवर. माणसांना वर न्यायचं आणि सोडून द्यायचं, खाली आल्यावर चुंबकाच्या ब्रेकने आवरायचं. चौदा वर्षांचा एक मुलगा त्यात बसला. अंगाने खूप मोठा. निर्मात्याच्या पुस्तिकेत एका माणसाच्या वजनाची मर्यादा साधारण १३० किलो होती, त्याचं वजन त्याहून बरंच जास्त होतं. तरी त्याच्या सीटचा दिवा लागला. का लागला, ते तपासात बाहेर आलं. त्या सीटचा सेन्सर हाताने सरकवून ठेवलेला होता. त्यामुळे खांद्यावरून खाली येणारी अडसराची चौकट, म्हणजे हार्नेस, आणि सीट यांच्यामधली फट नेहमीच्या जवळजवळ दुप्पट राहिली, तरी यंत्राच्या लेखी सगळं ठीक होतं. खाली येताना ब्रेक लागले आणि मुलगा त्या फटीतून निसटला. हार्नेस शेवटपर्यंत बंदच होता. सीटला बेल्ट नव्हता.

मला या हकिगतीत सगळ्यात जास्त टोचतो तो सरकवलेला सेन्सर. काहीही तुटलं नव्हतं. कुणीतरी पाना घेऊन "ठीक" या शब्दाचा अर्थ बदलला होता.

त्याआधीही हेच घडून गेलंय. जुलै २०१३ मध्ये टेक्सासमधल्या न्यू टेक्सास जायंट या कोस्टरवरून एक बाई पडली. कोस्टर पुन्हा सुरू झाला तेव्हा बारच्या जोडीला बेल्ट आले आणि प्रवेशाजवळ एक रिकामी सीट ठेवली गेली, बसून बघा, बार बसतो का. २०११ मध्ये न्यूयॉर्क राज्यात इराक युद्धात दोन्ही पाय गमावलेला एक सैनिक लॅप बारच्या कोस्टरमधून फेकला गेला. बारने धरायचं काय, मांड्याच नव्हत्या. दोन पाय असले तरच बसायचं, असा नियम तिथे होता. त्याला नाही म्हणणं कुणाच्या जिवावर आलं असेल, समजू शकतो. तरी म्हणायलाच हवं होतं.

आता कायद्याकडे. फ्लोरिडात पाळण्यांची तपासणी करतं राज्याचं शेती खातं. हसू नका, जत्रा आणि शेती यांचं नातं तिकडेही आपल्यासारखंच असावं. हजारावर कर्मचारी आणि स्वतःचे निरीक्षक असलेली मोठी पार्क मात्र या तपासणीतून वगळलेली. वॉशिंग्टनमधला ग्राहक सुरक्षा आयोग गावोगाव फिरणाऱ्या पाळण्यांवर लक्ष ठेवतो, कायम एका जागी असलेल्या पार्कांवर १९८१ पासून त्याचा अधिकार नाही. ऑर्लँडोचा टॉवर पाडला गेला आणि २०२३ मध्ये त्या मुलाच्या नावाने फ्लोरिडात नवा कायदा झाला.

आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोचं आयएस १५४७५ हे मनोरंजनाच्या राइड्ससाठीचं मानक आहे. पण मानक असणं वेगळं आणि परवानगी देताना ते कुणी उघडून बघणं वेगळं. जुलै २०१९ मध्ये अहमदाबादला कांकरियाचा झोके घेणारा पाळणा मोडून पडला. तिथे बार नाही, झोक्याचा मुख्य दांडाच तुटला. गुजरातने राइड्स आणि गेमिंग झोनसाठी वेगळे नियम केले ते २०२४ मध्ये, राजकोटच्या गेमिंग झोनच्या आगीनंतर.

मोठ्या पार्कात निदान ती पर्स मागून घेणारी मुलगी असते. आमच्या तालुक्याच्या जत्रेत गेल्या वर्षी आकाशपाळण्यात बसलो. मांडीसमोरच्या साखळीचा हूक तुटलेला होता आणि त्याजागी बांधकामाची तार पिळून बांधलेली. मी पाळणेवाल्याला बोट दाखवलं.

"काका, बंद झालंय ना? मग?" तो म्हणाला.

आम्ही उतरलो. पैसे परत मिळाले नाहीत. तार त्याने उलगडली, पुढच्या दोन पोरांना आत बसवलं आणि पुन्हा पिळली.