रात्रीची बॅटरी

(अंधार. मोटारीची घरघर. पाटाच्या पाण्यावर उजेडाचा ठिपका.)

जुन्नर तालुका. या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची, म्हणून दारं धरायलाही, म्हणजे पिकाला पाणी द्यायलाही, रात्रीच जायचं. हातात बॅटरी. इकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात, आणि तिच्या पोटात जातो तो सेल.

(टेबल. सुटे भाग.)

ही काकांनी स्वतः जुळवलीय. सेल 18650, म्हणजे 18 मिलिमीटर जाड, 65 लांब. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून निघालाय. मीटर दाखवतोय 3.62 व्होल्ट, पूर्ण भरला की 4.2. शेजारच्या निळ्या सेलवर 9900 एमएएच छापलंय, म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते ते. छापायला काय जातं? या मापात साडेतीन-चार हजारांपुढे गाडी जात नाही.

(वाळका पाचोळा. दोन एलईडी, आळीपाळीने.)

उजेडाची छटा केल्विनमध्ये सांगतात. हा 6500 केल्विन, पांढराफटक. पाचोळा सगळा राखाडी. आता हा दुसरा, 4000 केल्विन, सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचं माप, नव्वदच्या वर. तांबूस वेगळं, तपकिरी वेगळं. लुमेन, म्हणजे एकूण उजेड, पहिल्याचे जास्त, तरी काकांनी दुसराच उचलला. घोणस पाचोळ्याच्याच रंगाची असते.

(जुना तवा. तांब्याची 16 मिलिमीटरची चकती.)

चकतीवर सोल्डर पेस्टचा ठिपका, त्यावर चिमट्याने एलईडी, जरा तिरपाच. तवा तापू द्या. पेस्ट आधी मळकट दिसते, मग एकदम चकाकते, आणि बघा, एलईडी आपला आपण सरळ होऊन बसला. वितळलेल्या सोल्डरनेच त्याला ओढून घेतलं. हा शॉट आम्ही तीनदा घेतला, गरज नसताना.

ड्रायव्हर म्हणजे एलईडीला करंट मोजून देणारं सर्किट. त्यावर 7135 नावाच्या आठ चिप, प्रत्येकी 350 मिलिअँपिअर करंट देणाऱ्या. काकांनी दोन काढून टाकल्या. उजेड कमी झालेला डोळ्याला जेमतेम कळतो. बॉडी मात्र कमी तापते, सेल जास्त पुरतो.

(दोन रिफ्लेक्टर.)

गुळगुळीत घेतला तर झोत लांब जातो, उसाच्या कडेला बिबट्याचे डोळे चमकले तर दिसतील. संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत घेतला तर उजेड पायाशी पसरतो. काका बराच वेळ दोन्ही हातात धरून बसले होते. शेवटी खडबडीत.

दुकानातली प्लॅस्टिकची बॅटरी बंद पडली की उघडतच नाही, भंगारात जाते. हिचे चारही भाग आट्यांवर सुटतात.

(झाकण फिरतं. मागचा स्विच. टक्.)

(बांधावरून उजेड चालत जातो. निवेदन नाही.)