काचेवरची क्वेका

(दृश्य: काळे-पांढरे फोटो. अनवाणी पावलं.)

पाय बघा आधी. खाली दक्षिण अमेरिकेचा नकाशा, आणि त्यावर पसरलेल्या कोकाकोलाच्या फुटक्या बाटल्यांच्या काचा.

१२ ऑक्टोबर १९८९. कोलंबस अमेरिकेला पोहोचला, तोच दिवस. चिलीची राजधानी सान्तियागो. सत्तेवर अजून जनरल पिनोचेच. नाचणारे दोघं आहेत पेद्रो लेमेबेल आणि फ्रान्सिस्को कासास.

हा नाच क्वेका. रुमाल हलवत बाई आणि पुरुष जोडीनं नाचतात. १९७९ मध्ये लष्करी राजवटीनं हुकूम काढून त्याला राष्ट्रीय नृत्य केलं. पण ज्यांची माणसं याच राजवटीनं उचलून नेली आणि परत दिली नाहीत, त्या बायका त्याआधीपासूनच क्वेका एकट्यानं नाचत होत्या. समोरची जागा मोकळी ठेवून.

इथे दोन पुरुष आहेत. छातीवर वॉकमन बांधलेत. गाणं फक्त त्यांच्या कानात. बघणाऱ्यांना ऐकू येतात ती पावलं.

(दृश्य: घोडीवरचे दोघं.)

हा फोटो त्याच्या आदल्या वर्षीचा. चिली विद्यापीठाच्या कला विभागात दोघं एकाच घोडीवर बसून शिरले. अंगावर कपडा नाही. १९८७ मध्ये त्यांनी आपल्या जोडीला नाव दिलं होतं, ‘प्रलयाच्या घोड्या’. घोडे नव्हे, घोड्या. ‘एवढी घोडी झालीस’ हे ऐकत वाढलेल्यांना त्यातली खोच वेगळी सांगायला नको.

लेमेबेल सान्तियागोच्या गरीब वस्तीतला. वडिलांचं मार्दोनेस आडनाव सोडून त्यानं आईचं लावलं. बायकी पुरुषाला तिथे ‘लोका’ म्हणून हिणवतात, म्हणजे वेडी. तो शब्दही त्यानं स्वतःला लावून घेतला. १९८६ मध्ये डाव्यांच्या सभेत तो उंच टाचांच्या चपला घालून, चेहऱ्यावर विळा-हातोडा रंगवून उभा राहिला आणि कविता वाचली: तुमच्या क्रांतीत आमच्यासारख्यांना जागा आहे का? प्रश्न हुकूमशहाला नव्हता, सोबत्यांना होता. मला तरी हेच धाडस मोठं वाटतं.

पुढे तो लिहिता झाला. वस्तीतल्या, एड्सनं गेलेल्या मैत्रिणींवरचे लेख, मग २००१ मध्ये कादंबरी. समलिंगी संबंध चिलीत १९९९ मध्ये गुन्ह्यातून सुटले, लग्नाचा हक्क २०२२ मध्ये आला. लेमेबेल २०१५ मध्येच गेला, स्वरयंत्राच्या कॅन्सरनं.

(दृश्य: पुन्हा नकाशा.)

नाच संपलाय. नकाशावर दोघांच्या पावलांचं रक्त आहे.