६४१ ने भाग जाणारी एक संख्या

आजच्या व्याख्यानासाठी मी एकच संख्या निवडली आहे: ४,२९,४९,६७,२९७. चार अब्ज एकोणतीस कोटींच्या घरातली ही संख्या २ च्या ३२ व्या घातात १ मिळवल्यावर येते. घातांक १, २, ४, ८, १६, ३२ असा दुप्पट करत गेलो आणि २ च्या प्रत्येक घातात १ मिळवला, तर येणारी संख्या दर वेळी मूळच असणार, असा फ्रेंच गणिती फर्मा याचा १६४० च्या सुमारास विश्वास होता. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या पहिल्या पाच संख्या मूळ आहेतही. सहावी मात्र नाही. तिला ६४१ ने निःशेष भाग जातो, हे १७३२ मध्ये ऑयलरने दाखवले.

भागाकार न मांडताही हे पटवून घेता येते. ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा सातवा घात. ६४१ ने भागताना त्याची बाकी −१ धरता येते, म्हणून त्याच्या चौथ्या घाताची, म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात या गुणाकाराची, बाकी १ येते. आता ६२५ हे ६४१ पेक्षा १६ ने कमी असल्यामुळे त्याच्या जागी −१६, म्हणजे उणे २ चा चौथा घात, ठेवू. उरते ते असे की उणे २ चा ३२ वा घात याची बाकी १ आहे. तेव्हा २ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की ६४१ ने भागून बाकी शून्यच येणार. दहा अंकी संख्येचा निकाल एवढ्याशा हिशेबात लागतो, याचे मला आजही अप्रूप वाटते.

पण ६४१ शोधायचा कसा? या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असतो, हे ऑयलरने पुढे सिद्ध केले आणि १८७८ मध्ये ल्युकाने ६४ च्या जागी १२८ आणले. अशा मूळ संख्या क्रमाने २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९ या आहेत. २५७ ही फर्माच्याच यादीतली, आणि त्या यादीतल्या कोणत्याही दोन संख्यांना सामाईक अवयव नसतो. त्यामुळे पहिलाच प्रयत्न ६४१ चा ठरतो. भागाकार ६७,००,४१७ येतो. त्याचे वर्गमूळ २,५८९ पेक्षा लहान आहे, आणि तिथवर तपासण्याजोग्या मूळ संख्या ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९ या चारच. बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४ आणि ६२२ उरतात, म्हणून ६७,००,४१७ ही मूळ संख्या आहे. हे चार भागाकार आपण घरी कागदावर जरूर करावेत.

आपल्या संख्येतून २ वजा केले, तर फर्माच्या पहिल्या पाच संख्यांचा गुणाकार मिळतो. सतरा बाजूंची सुसम बहुभुजाकृती पट्टी आणि कंपास यांनी काढता येते, हे गाउसने १७९६ मध्ये शोधले; त्या मार्गाने गेल्यास पट्टी आणि कंपास यांनी काढता येण्याजोग्या, विषम बाजूंच्या ज्ञात बहुभुजाकृतींपैकी सर्वांत मोठीच्या बाजू बरोबर तेवढ्याच, म्हणजे ४,२९,४९,६७,२९५, भरतात. याहून मोठी हवी असेल, तर फर्माच्या यादीत आणखी एक मूळ संख्या सापडायला हवी, आणि ती अजून सापडलेली नाही.