तिघे का गेले

(न्यू जर्सीतल्या एका मराठी मंडळाच्या पालकसभेत दिलेलं व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून थोडं संपादित.)

नमस्कार मंडळी. वहिनींनी ओळख करून देताना मला ‘फ्रॅटर्निटीतला माणूस’ म्हटलं, तेव्हा मागच्या रांगेतल्या दोन आयांनी एकमेकींकडे पाहिलं. मला दिसलं ते. त्यामुळे आधी खुलासा करतो. फ्रॅटर्निटी म्हणजे इथल्या कॉलेजातल्या मुलांचा बंधुसंघ, नाव बहुधा ग्रीक अक्षरांचं. मी पेनसिल्व्हेनियातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो आणि तिथल्या एका फ्रॅटर्निटीच्या चॅप्टरचा गेली अकरा वर्षं सल्लागार आहे. पगार शून्य, आणि रात्री दोनला फोन वाजला तर उचलायचा, एवढंच ते पद. मी स्वतः कुठल्याही फ्रॅटर्निटीत कधी नव्हतो. माझं शिक्षण पुण्यात झालं. आमच्या वेळी ग्रीक अक्षर म्हणजे त्रिकोणमितीतला थीटा, आणि त्याच्याशीसुद्धा आमचं फारसं जमायचं नाही.

चॅप्टर म्हणजे शाखा. मुख्य संस्था एक, तिच्या कॉलेजाकॉलेजांत शाखा, प्रत्येक शाखेला अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार. सगळे एकोणीस-वीस वर्षांचे. वर्गणी आहे, तिला ड्यूज म्हणतात. काही ठिकाणी ती सेमिस्टरला काही शे डॉलर असते, सदस्यांना राहायला मोठं घर आणि आचारी असेल तर हजारांत जाते. आणि वर्ष संपलं की अहवाल. आपल्या गणेशोत्सव मंडळाचा असतो तसाच: फोटो, केलेली कामं, मिळालेली बक्षिसं, जमाखर्च. तो मुख्य संस्थेकडे आणि कॉलेजकडे जातो. सल्लागाराची सही लागते. आज मी त्या अहवालाबद्दल बोलणार आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मुलांना सप्टेंबरात कुणीतरी तो दाखवणार आहे, म्हणून.

आमच्या मुलांचा यंदाचा अहवाल चांगला आहे, हे आधी सांगून टाकतो. चॅप्टरचा सरासरी जीपीए, म्हणजे परीक्षेतले गुण, कॉलेजातल्या इतर मुलांपेक्षा वर राहिला. दोनदा रक्तदान झालं. होमकमिंगच्या, म्हणजे माजी विद्यार्थी परत येतात त्या उत्सवाच्या, मिरवणुकीत त्यांच्या चित्ररथाला दुसरं बक्षीस मिळालं. तो चित्ररथ म्हणजे ट्रेलरवर बांधलेला कोंबडीच्या जाळीचा वाघ होता आणि शेपटी वाटेतच गळून पडली, हे अहवालात नाही. व्हॉलीबॉलमध्ये उपान्त्य फेरी. दर दुसऱ्या शनिवारी गावातल्या अन्नपेढीत डबे लावायला माणसं.

पण मला सगळ्यात आवडलेला कार्यक्रम अहवालात एका ओळीत उरकलाय: ‘पॅनकेक विक्री, परीक्षेच्या आठवड्यात.’ रात्री दहा ते एक. वाचनालयातून भुकेली मुलं बाहेर पडतात ती वेळ. मी साडेनऊला गेलो तर स्वयंपाकघरात बादलीभर पीठ आणि त्यावर फेसाचा डोंगर. बेकिंग पावडर कुणीतरी दुप्पट टाकली होती, आणि हा मुलगा माझ्याच वर्गात बसतो. तवे तीन, उलथणं एक. पहिल्या तासात अर्धे पॅनकेक जळाले. मग एक मुलगा पुढे आला. आपलाच, घरी मराठी बोलणारा. त्यानं एक तवा स्वतःकडे घेतला, कपाटातलं बेसन काढलं, कांदा-मिरची चिरली आणि धिरडी घालायला लागला. दूध-अंडं न खाणाऱ्या मुलांसाठी, असं तो सांगत होता. अर्ध्या तासात रांग त्याच्याकडे वळली. ‘चिकपी पॅनकेक’ अशी पाटीही लागली. मी विचारलं, आईला फोटो पाठवलास का? म्हणाला, काका, पाठवला, तिनं फक्त एवढंच लिहिलं की तवा तापला नाहीये.

बाकी सगळे मला सर म्हणतात. हा एकटा काका म्हणतो.

थोडं मागे जाऊ. ग्रीक अक्षरांची ही भानगड ५ डिसेंबर १७७६ ला सुरू झाली. व्हर्जिनियात विल्यम्सबर्ग म्हणून गाव आहे, तिथल्या विल्यम अँड मेरी कॉलेजातल्या काही विद्यार्थ्यांनी फाय बीटा कॅपा काढली. देश स्वतंत्र झाल्याचं जाहीर होऊन पाच महिने झाले होते. ही पोरं रॅले टॅव्हर्न नावाच्या खाणावळीत जमायची, वादविवाद करायची, आणि त्यांच्याकडे गुप्त हस्तांदोलन होतं. पुढे फाय बीटा कॅपानं गुप्तपणा सोडला आणि आज ती हुशार विद्यार्थ्यांना मिळणारा मान म्हणून उरली आहे. पण गुप्त हस्तांदोलनाची गोडी इतरांना लागायची ती लागली. १८२५ ते १८२७ या दोन वर्षांत न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात तीन संस्था निघाल्या, आणि आजची फ्रॅटर्निटी साधारण तिथून धरतात.

या संस्था होत्या गोऱ्या, ख्रिस्ती, बऱ्या घरच्या मुलांच्या. बाकीच्यांना दार बंद. मग बाकीच्यांनी आपापली दारं केली. ४ डिसेंबर १९०६ ला कॉर्नेल विद्यापीठात सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी अल्फा फाय अल्फा स्थापन केली. इथाकाच्या, म्हणजे कॉर्नेलच्या गावच्या, थंडीत, जिथे राहायला खोली मिळायची मारामार, तिथे सुरुवात झाली ती एकत्र अभ्यास करण्यापासून. मार्टिन ल्यूथर किंग या संस्थेचे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती थर्गूड मार्शल या संस्थेचे. वॉशिंग्टनला किंग यांचं जे स्मारक तुम्ही पाहुण्यांना दाखवायला नेता, ते उभारावं ही कल्पना याच फ्रॅटर्निटीनं १९८४ मध्ये मांडली. काँग्रेसची, म्हणजे इथल्या संसदेची, परवानगी मिळाली १९९६ मध्ये आणि लोकार्पण झालं ऑक्टोबर २०११ मध्ये. सत्तावीस वर्षं. कल्पना मांडली तेव्हा जी मुलं कॉलेजात होती त्यांची मुलं तोवर कॉलेजात पोचली असतील. आमच्याकडे एखादा चिटणीस मला विचारतो, सर, या सेमिस्टरमध्ये काय ‘अचीव्ह’ झालं म्हणून लिहू, तेव्हा मी त्याला ही तारखांची जोडी सांगतो. त्याला ती आवडत नाही.

आपल्या लोकांचंही आलं त्यात. नव्वदच्या दशकात इथं वाढलेली देशी मुलं कॉलेजात पोचली आणि दक्षिण आशियाई फ्रॅटर्निट्या निघाल्या. बिंगहॅम्टनला आयोटा नू डेल्टा १९९४ मध्ये, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सिग्मा बीटा रो १९९६ मध्ये, टेक्सासला ऑस्टिनमध्ये डेल्टा एप्सिलॉन साय १९९८ मध्ये. तुमच्या घरी असा एखादा असेलच, ज्याच्या टी-शर्टवरची अक्षरं आजीला अजून वाचता आलेली नाहीत.

समाजकार्याचंही पाहा. पेन स्टेट या दुसऱ्या विद्यापीठात दर फेब्रुवारीत थॉन नावाचं नृत्य-मॅरेथॉन होतं. १९७३ मध्ये तिथल्या फ्रॅटर्निट्यांच्या परिषदेनं ते सुरू केलं. आज तिथे मुलं-मुली ४६ तास बसत नाहीत, झोपत नाहीत, नाचत उभी राहतात. कॅन्सर झालेल्या मुलांच्या कुटुंबांसाठी पैसा उभा करतात, आणि तो आता वर्षाला एक कोटी डॉलरच्या वर जातो. मी एकदा रविवारी पहाटे गेलो होतो. एक मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि मैत्रीण तिच्या पोटऱ्या चोळत होती. ती म्हणत होती, मी उभी आहे ना, मी उभी आहे ना. आपली वारी पाहिलेल्या माणसाला हे दृश्य अनोळखी वाटत नाही.

आणि त्याच पेन स्टेटला, त्याच फेब्रुवारी महिन्यात, २०१७ मध्ये, एका फ्रॅटर्निटी हाउसमध्ये एकोणीस वर्षांचा एक मुलगा नव्या सदस्यांच्या रात्री दारू पाजल्यावर तळघराच्या जिन्यावरून पडला. मुलांनी त्याला सोफ्यावर ठेवलं. मदत बोलावली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. तो वाचला नाही. घरात कॅमेरे होते, म्हणून हे सगळं मिनिटामिनिटानं कळलं.

याला इथे हेझिंग म्हणतात. तुम्हाला रॅगिंग हा शब्द माहीत आहे. आपल्या महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ मध्येच कायदा झाला, यूजीसीचे नियम २००९ चे. माझ्या पिढीतल्या कुणाला होस्टेलच्या गॅलरीत शर्ट काढून गाणं म्हणायला लावलं नसेल तर त्यानं हात वर करावा. … बघा, दोनच हात. आणि आपण ते ‘गंमत’ म्हणून सांगतो, हे त्याहून वाईट.

आता माझी गोष्ट. सल्लागार होऊन मला दुसरं वर्ष होतं. अहवालात वाक्य होतं: ‘या वर्षी आम्ही चौदा नव्या बंधूंचं स्वागत केलं.’ मी सही केली. वाक्य खरं होतं. पुढच्या सेमिस्टरला माझ्या प्रयोगशाळेत एक मुलगा होता, टायट्रेशन, म्हणजे रंग बदलेपर्यंत थेंब मोजत द्रव टाकायचा प्रयोग, अगदी नेटकं करायचा. ब्युरेटवर डोळा ठेवून मी सहज विचारलं, तू मागच्या वर्षी आमच्याकडे येणार होतास ना? तो म्हणाला, आलो होतो सर, सहाव्या आठवड्यात सोडलं. का रे? थेंब पडत होते, तो मोजत होता. मग म्हणाला, “मारलं कुणीच नाही, सर.”

मारलं नव्हतं. तीन रात्री झोपू दिलं नव्हतं. सगळ्या जुन्या सदस्यांची नावं, गावं, मेजर म्हणजे मुख्य विषय पाठ, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. पहाटे कुणाला तरी घरी सोडायला गाडी घेऊन जायचं. त्यात त्याची गणिताची परीक्षा बुडाली. त्याच्यासारखे आणखी दोघे होते. म्हणजे सप्टेंबरात सतरा आले होते आणि चौदा उरले होते, आणि अहवालाला चौदाच माहीत होते. मलाही. मी सतरा विचारलेच नव्हते. फ्लास्कमधला रंग बदलून गडद गुलाबी झाला तरी आम्ही दोघं बघतच राहिलो. रीडिंग गेलं.

मी कॉलेजला कळवलं. चॅप्टर वर्षभर निरीक्षणाखाली राहिला, पार्ट्या बंद, रश म्हणजे नवी मुलं घेणं बंद. काही माजी सदस्य माझ्याशी अजून बोलत नाहीत. त्यातले एक जण मला फोनवर म्हणाले, आम्ही याहून जास्त सोसलं. मी म्हटलं, मग त्याचा तक्ता करून नव्या मुलांना दीक्षा देताना वाटा. तेव्हापासून बोलणं थांबलं.

डिसेंबर २०२४ मध्ये इथे अमेरिकेत देशभरासाठी कायदा झाला. आता कॉलेजांना हेझिंगच्या तक्रारींचे आकडे वार्षिक सुरक्षा अहवालात द्यावे लागतात, आणि कुठली संघटना दोषी ठरली, काय केलं म्हणून, काय शिक्षा झाली, हे आपल्या संकेतस्थळावर टाकावं लागतं. तुमचं मूल एखाद्या चॅप्टरचं नाव घेऊन घरी आलं तर चकचकीत अहवाल नंतर वाचा, आधी कॉलेजचं ते पान काढा. पान रिकामं असलं म्हणून निवांत होऊ नका. चौदा नव्या बंधूंच्या त्या वर्षी असं पान असतं तर आमचंही रिकामंच असतं.

आणि मुलाला हे विचारा: किती जण आत आले आणि किती राहिले. आकडा त्याला माहीत नसेल तर त्यानं विचारावा. विचारताना समोरचा हसला का, तेही पाहावं. पार्टीच्या रात्री न पिणारे कोण, त्यांना सोबर मॉनिटर म्हणतात, त्यांची नावं आधी भिंतीवर लागतात का, की प्रत्येक वेळी नव्या मुलांच्याच गळ्यात पडतं? आमच्याकडे आता अध्यक्षाची पाळीसुद्धा असते. त्याबद्दल तो कुरकुरतो.

काही आया मला विचारतात, मग पाठवूच नये का? धिरडी घालणारा मुलगा पहिल्या वर्षी जेवणाच्या हॉलमध्ये एकटा बसायचा, कानात गाणी घालून. मी पाहिलाय. दुसऱ्या वर्षी तो खजिनदार झाला. पॅनकेकच्या रात्रीचे सुटे पैसे त्यानं पहाटे दीडला मोजले, एकवीस सेंट जास्त निघाले म्हणून पुन्हा मोजले. त्याला हिशेब कुठे शिकवला होता कुणी? माझ्याकडे यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

यंदाचा चिटणीस दुसऱ्या वर्षाचा आहे. एप्रिलमध्ये त्यानं मसुदा पाठवला. वाघाचा फोटो पहिल्या पानावर, शेपटीसकट. सातव्या पानावर, जमाखर्चाच्या आधी, मी न सांगता त्यानं परिच्छेद घातला होता. मराठीत सांगतो: ‘सप्टेंबरमध्ये नऊ जण आले. सहा राहिले. तिघे का गेले हे आम्ही त्यांना विचारलं. एकाला वेळ जमत नव्हता. एकाला ड्यूज परवडत नव्हते, आम्ही हप्ते सुचवायला उशीर केला. एकाला आम्ही आवडलो नाही.’

अध्यक्षाचं म्हणणं होतं की शेवटचं वाक्य काढू, वाईट दिसतं. दोघं माझ्या ऑफिसात येऊन वीस मिनिटं भांडले. मी मधे पडलो नाही, प्रयोगवह्या तपासत बसलो. शेवटी अध्यक्ष म्हणाला, ठीक आहे, राहू दे. मी ‘ड्यूज’चं स्पेलिंग दुरुस्त केलं आणि सही केली.